मामा जेरोपचं विरजण

“...पण मग गिऱ्हाईकं माझ्याकडं का येत नाहीत, तात्या?”

तात्या जेवत होता. जेवणाऱ्या तात्याला प्रश्न विचारणं म्हणजे चालू गिरणीत हात घालणं. मुकुंदाला हे अजून कळलेलं नव्हतं.

“तात्या, मी काय विचारलं?”

“ऐकलं.”

“मग?”

तात्यानं उगालीचा आणखी एक घास मोडला...

उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा. दिसायला भिंतीला लावायच्या चुन्यासारखा. चवीला पण. पण तिच्यावर लसणाची चटणी आणि दही घातलं, की आपण गावी कुपवाडात आहोत की केनियात, हे पोटाला कळत नाही, असं तात्या म्हणायचा. माझ्या पोटाला रोज कळायचं.

किटालेच्या पुढं, डोंगराच्या अंगाला, लाल मातीचं एक बाजाराचं गाव होतं. तिथं गुंडूतात्या सुतार मक्याच्या गिरण्या आणि पाण्याचे पंप विकायचा, आणि मी ते दुरुस्त करायचो. शाळेनं मला सातवीत नारळ दिला, तात्यानं पाना दिला. आपल्या मुलखातला कुणी नवा माणूस तिकडं आला, की लोक त्याला सांगायचे, “तात्याला भेट.” काही जण तर आल्या आल्या पायच धरायचे.

तात्या पाय मागं घ्यायचा. “ग्रीस आहे,” म्हणायचा.

मुकुंद शेटे कराडचा. इंजिनियर. त्याच्या कंपनीनं त्याला आमच्या समोरच, रस्त्यापलीकडं, डेपो थाटून दिला होता. माल कुठला? गिरण्या आणि पंप. म्हणजे हा गडी आमचं दुकान बसवायला आलेला, आणि कसं बसवायचं ते आम्हालाच विचारत होता, आमच्याच ताटाशी बसून. असा निरागस माणूस बघितला की मला त्याला हार घालावासा वाटतो.

“माझा माल वाईट आहे?” मुकुंदानं विचारलं.

“चांगला आहे.”

“महाग आहे?”

“माझ्यापेक्षा स्वस्त.”

“मी कुणाला फसवलं? कुणाला उलटून बोललो?”

“नाही.”

“उलट मी येताजाता प्रत्येकाला काहीतरी देतो, तात्या! कॅलेंडर दिली. पोरांना गोळ्या दिल्या. टोप्या दिल्या...”

हे अगदी खरं होतं. अख्ख्या गावाच्या डोक्यावर मुकुंदाच्या कंपनीच्या पिवळ्या टोप्या होत्या. त्या टोप्या घालून लोक आमच्याकडं गिरणी घ्यायला यायचे.

“आणि घेत मात्र काय नाही कुणाचं.” मुकुंदाची छाती जरा पुढं आली. “केळंसुद्धा नाही. बाजारात कुणी चहा पाजला तरी पैसे ठेवूनच उठतो. परक्या मुलखात आलोय आपण. कुणाचं मिंधं राहायचं नाही.”

“हं,” तात्या म्हणाला.

फक्त ‘हं’. मी त्या ‘हं’बरोबर पुष्कळ वर्षं काढली आहेत. तो ‘हं’ चांगला नव्हता.

मुकुंदानं ताट थोडं पुढं सरकवलं.

“मक्याची कापणी संपेपर्यंत कंपनी वाट बघणार. मग डेपोला कुलूप. काल फोनवर सांगितलं त्यांनी.”

“मग?”

“मग काय... डेपो चालला तर क्वार्टर मिळणार होतं. वैजयंतीला आणणार होतो. लग्न झालं आणि पंधरवड्यात मी इकडं आलो, तात्या. तिचा चेहरा आठवायला फोटो बघावा लागतो.”

“आणि नाही चालला तर?”

“तर परत. सासऱ्यांचं कोंबडीखाद्याचं दुकान आहे उंब्रजला. ते म्हणालेत, या आणि बसा गल्ल्यावर.”

“कोंबड्या तरी येतील साहेब दुकानात,” मी म्हणालो.

मुकुंदानं माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते.

मी पाण्याचा तांब्या भरायला उठलो. तांब्या भरलेलाच होता.

तात्यानं दह्याची वाटी उचलली. आमचं दही पारव्या रंगाचं असायचं. मी नवीन होतो तेव्हा मला वाटलं होतं, तात्यानं चुकून सिमेंट कालवलंय. तात्या ते मन लावून खायला लागला...

“विरजणाला ठेवा की थोडं,” मुकुंद म्हणाला. कितीही इंजिनियर झाला तरी आईच्या हाताखाली वाढलेला.

तात्यानं वाटीत बोट फिरवलं. बोट चाटलं. पुन्हा फिरवलं. मग वाटी मुकुंदासमोर उलटी धरली.

थेंब पडला नाही.

“आता विरजण आण,” तात्या म्हणाला.

“माझ्या फ्रीजमध्ये आहे ना! नैरोबीहून डबा मागवलाय. आत्ता आणतो.”

“तुझं नको. शेजारी मामा जेरोपकडनं आण.”

तिकडं बाईला मान देऊन ‘मामा’ म्हणतात. मामा जेरोप म्हणजे जेरोपची आई. गावी गेल्यावर मी हे माझ्या सख्ख्या मामाला सांगितलं, तर तो पूर्ण मुक्काम माझ्याशी बोलला नाही.

मुकुंद चुळबुळला. कारण होतं. तो आला त्या आठवड्यात मामा जेरोपनं त्याच्यापुढं दुधाचा तुंबा केला होता. तिच्या लोकांत वाळक्या भोपळ्याचा तुंबा आतून कोळशानं घासतात आणि त्यात दूध आंबवतात. त्या दुधाला धुराचा वास असतो आणि पारव्याचा रंग. मुकुंदानं हात जोडले, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं, आणि तिच्या हातात धबधब्याचं चित्र असलेलं कॅलेंडर ठेवलं.

“बरं, जातो,” तो म्हणाला. “तिच्यासाठी काय नेऊ? टोपी नेऊ?”

“वाटी ने.”

“नुसती?”

“भरल्या वाटीत विरजण कुठं घालेल ती?”

“पण तात्या, माझ्या प्रश्नाचं काय...”

तात्या हात धुवायला उठला होता.

मुकुंद निघाला. मी पण पाना शोधायचं सोंग करत कुंपणाशी गेलो. असला तमाशा चुकवणाऱ्यातला मी नव्हे.

तो दारात उभा राहिला. वाटी पाठीमागं लपवलेली. त्यानं “होडी?” अशी हाक दिली. तिकडं आत येऊ का म्हणून विचारायची ती रीत. आतून “कारिबू!” आलं. म्हणजे या.

मामा जेरोप बाहेर आली. चांगली दरवाजाभर बाई. तिनं त्याच्या पाठीमागं वाकून बघितलं.

“काय हवंय, इंजिनियर?”

“थोडं... आंबवलेलं दूध. तात्यांसाठी.”

“तात्यासाठी तात्याचा माणूस येतो. तो बघ, कुंपणाआड बसलाय माकडासारखा.”

मी पाना सापडल्यासारखं केलं.

“तुला नको?” तिनं विचारलं.

मुकुंदाची वाटी ह्या हातातून त्या हातात गेली...

“मला पण,” तो म्हणाला.

मामा जेरोपनं टाळी वाजवली आणि आत तोंड करून ओरडली, “अगं बाहेर या, बाहेर या! ह्याला भूक लागते!”

घरातनं बायका धावत बाहेर आल्या. सासू, जावा, शेजारणी. जणू आमचा पंप बोलायला लागला होता. त्यांनी मुकुंदाला बुटक्या स्टुलावर बसवला. त्याचे गुडघे कानाला लागले. मग चौकशा सुरू झाल्या. आई आहे? घरी गाई किती? एकसुद्धा नाही? अरेरे. लग्न झालंय?

“झालंय.”

“मग बायको कुठंय? हाकलून दिलं तिनं तुला?”

हशा.

“नाही, नाही. तिला आणायचंय इकडं.”

“मग आण.”

“नाही जमत.” मुकुंद वाटीकडं बघत होता. “दुकान चालत नाही माझं. बंद होणार आहे.”

हे त्यानं आमच्याशिवाय गावात कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

“बंद होणार?” मामा जेरोप हळू म्हणाली. “आम्हाला वाटलं, तुझं फार बरं चाललंय. तू टोप्या वाटतोस.”

तिनं तुंबा आणला, हलवला, आणि मगभर दूध त्याच्या हातात दिलं. मुकुंदानं डोळे मिटून घोट घेतला. त्याचं तोंड असं झालं, की जेरोपची म्हातारी आजी हसता हसता खाली बसली. मग तो पण हसायला लागला. त्याचं हसणं मी तोवर ऐकलंच नव्हतं. डुकरासारखं घुर्र करून हसायचा. त्यावर बायका आणखी हसल्या. आणि त्यानं रिकामा मग पुढं केला. पुन्हा मागितलं.

मी परत कामाला लागलो. कुणी इतकं सुखात असलं की चेष्टेला जागा राहत नाही.

ऊन कलल्यावर मुकुंद आला. ओठावर पारवी मिशी. वाटीवर केळीचं पान झाकलेलं. ती त्यानं तात्यासमोर ठेवली, दोन्ही हातांनी.

“तात्या, चांगली माणसं आहेत हो!”

“हो?”

“उद्याच तिला एक नवी बादली नेऊन देतो. मोठी. म्हणजे फिटलं.”

तात्यानं पान उचलून विरजणाचा वास घेतला.

“फिटलं तर परवा कशाला जाशील?”

मुकुंद डोकं खाजवत रस्ता ओलांडून गेला.

तात्यानं दूध कोमट केलं, विरजण लावलं, भांडं घोंगडीत गुंडाळलं. धुराचा वास खोलीभर झाला. मला त्या वासात एकदम कुपवाड दिसलं. आता म्हातारपणी कुपवाडात बसून तोच वास आठवतो. आमच्या आळीत तिन्हीसांजेला वाट्या फिरायच्या. आई मला काकूकडं विरजणाला पिटाळायची. एकदा मी म्हटलं, “आई, घरात दही आहे की!” तिनं पाठीत असा धपाटा घातला, की मी काकूच्या ओसरीवरच थांबलो. आता त्या आळीत सगळ्यांकडं फ्रीज आहेत. दही फार छान लागतं. कुणाला कुणाकडं जावं लागत नाही.

मुकुंदाकडनं बादली गेली नाही. पण तो जायला लागला. कधी कोयता मागायला, कधी मीठ, कधी नुसतं बाजाराला सोबत मागायला. त्यानं टोप्या वाटणं थांबवलं. उरलेल्या टोप्यांत मांजर व्यालं.

मग कापणी आली. मामा जेरोपच्या भावाला गिरणी घ्यायची होती. तो आमच्या दाराशी आला, तात्याला हात केला, आई कशी आहे, पाय कसे आहेत, सगळं विचारलं... आणि रस्ता ओलांडून मुकुंदाच्या डेपोत शिरला. त्याच्यामागं त्याचे मेहुणे. मेहुण्यांमागं त्यांच्या चर्चचे लोक.

डेपोला कुलूप लागलं नाही. क्वार्टर मिळालं. मुकुंद रोज संध्याकाळी तिथल्या भिंतींना रंग देत बसायचा आणि आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं गाणी म्हणायचा. गळा नव्हता बिचाऱ्याला.

आमच्या दुकानात शांतता. मी पायरीवर बसून समोरची गर्दी बघत होतो. मला ह्यापुढं उगाली तरी मिळेल ना, ही काळजी.

“तात्या, गिऱ्हाईक समोर सरकलं.”

“दिसतंय.”

“आपल्याकडं माश्या सुद्धा येईनात.”

“बरं आहे की.”

“तुम्हीच शिकवलंत त्याला!”

“मी वाटी दिली.”

“आता आपण काय करायचं?”

समोर मुकुंद रंगाचा डबा घेऊन शिडीवरनं उतरत होता. अंगभर रंग, आणि चेहऱ्यावर सणाचा दिवस...

“जा,” तात्या म्हणाला. “त्याची शिडी मागून आण.”

“शिडी? तात्या, आपल्याच दोन पडल्यात की मागच्या अंगणात!”

तात्या उठला. धोतराला हात पुसले.

“आधी त्यांच्यावर गोणपाट टाक. मग जा.”