सगुणाची नाव आणि गावभराच्या हाका

नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथे हिवाळाभर माणसांच्या आधी धुकं उठायचं. नदीतून हळूहळू वर यायचं, घाटाच्या पायऱ्या चढायचं आणि घराघरांत डोकावून बघायचं. गावातल्या माणसांनाही डोकावायची सवय होतीच, त्यामुळे धुक्याचं कुणाला नवल वाटत नसे.

या गावात सगुणा नाव चालवायची. वडील गेल्यापासून तीन वर्षं तीच लोकांना अल्याड-पल्याड नेत होती. पहाटेच्या पाण्यावर नाव सोडली, की आपण जागे आहोत की झोपेत, हे तिला कळायचं नाही. वर धुकं, खाली धुकं, मधे हातातला बांबू. तेवढ्यावर ती फार सुखी असायची.

पण सगुणा सत्तावीस वर्षांची होती आणि तिचं लग्न झालं नव्हतं. तिला त्याची घाई नव्हती. घाई गावाला होती. नावेत पाय टाकतानाच माणूस विचारायचा, "काय गं, लाडू कधी देतेस?" उतरताना दुसरा म्हणायचा, "वेळच्या वेळी झालेलं बरं असतं बाई." नदी तेवढी रुंद नव्हती, तरी पलीकडे पोचेपर्यंत तीन स्थळं सांगून व्हायची. ती हसायची आणि बांबू रेटायची.

घरी धुरपाआत्या होती. आईविना राहिलेल्या सगुणाला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. धुक्यात काठ दिसत नसे, म्हणून गावात एक रीत होती. घाटावर एकाच माणसाने उभं राहायचं आणि थांबून थांबून हाळी द्यायची. नाव त्या आवाजाच्या रोखाने यायची. हे काम आत्याचं होतं. "होऽऽ" अशी तिची लांब हाळी पाण्यावरून तरंगत यायची.

एक दिवस पाटलांनी सगुणाला बोलावलं. नाव गावकीची होती. "पोरी, तुझं काम चोख आहे," ते म्हणाले, "पण एकट्या पोरीच्या हाती गावाची नाव, बरं दिसत नाही. पाडव्यापर्यंत लग्न कर. नाहीतर नाव माझा पुतण्या चालवेल."

बरं दिसत नाही. या तीन शब्दांपुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही. सगुणा घरी आली, चुलीपुढे बसली आणि आत्याला म्हणाली, "बघ एखादं स्थळ. होऊन जाऊ दे एकदाचं." आत्याने लगेच देवापुढे साखर ठेवली. सगुणा ज्वाळेकडे बघत राहिली.

स्थळ नदीपलीकडचं निघालं. मुलाचं नाव हैबती. त्याचे मामा आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता, आणि गावात नाव एकच. म्हणजे आपल्याला बघायला येणाऱ्याला सगुणानेच आणायचं होतं. अशी गंमत झाली.

सकाळी त्याला पलीकडून घेऊन परतताना धुकं दाट झालं. नावेत दोघंच होती.

मग हैबती म्हणाला, "तुम्हाला करायचंय का हे लग्न?"

"नाव राखायचीय," सगुणा म्हणाली. "तुम्हाला?"

"माझ्यापायी धाकट्या भावाचं अडलंय. घरात रोज तेच. मीही होच म्हणणार आहे."

दोघंही हसली. ते हसणं काही आनंदाचं नव्हतं.

इकडे घाटावर सारा गाव लोटला होता. पाहुणा यायचा, आणि नाव दिसेना. आत्याने नेहमीची हाळी दिली. तिचा आवाज पुरेल का, अशी कुणाला तरी काळजी वाटली, म्हणून त्यानेही दिली. मग तिसऱ्याने. पाटील वरच्या अंगाला जाऊन ओरडू लागले, मामा खालच्या अंगाला. बायका पिंपळाखालून, पोरं बांधावरून. सगळ्यांना मनापासून वाटत होतं, की आपल्याच आवाजाने नाव काठाला लागणार.

धुक्यात ते आवाज चहूकडून आले. इकडे ये, इकडे ये. सगुणाने नाव उजवीकडे वळवली, मग डावीकडे. धारेने ती हळूच खाली ओढली जाऊ लागली. वळणाच्या खाली कातळ होते. त्यांच्यावर आदळून पाण्याचा होणारा घोगरा आवाज आता जवळ आला.

"कुणाचं ऐकायचं?" हैबतीने विचारलं.

"कुणाचंच नाही," सगुणा म्हणाली. "धरा बांबू, घट्ट."

दोघांनी बांबू तळाशी रोवून नाव थोपवली. सगुणा घाबरली होती. तिने डोळे मिटले आणि बांबूच्या टोकाला काय लागतंय ते हाताने पाहिलं. वाळू होती. थोडं वर रेटलं, पुन्हा वाळू. आणखी वर गेल्यावर बारीक गोटे खरखरले. घाटापुढच्या पाण्यातच असे गोटे होते, हे तिच्या तळहातांना तीन वर्षांपासून ठाऊक होतं. ती गोट्यांच्या मागाने गेली आणि नाव पायऱ्यांना लागली.

हाका थांबल्या. आत्या धावत आली. "अगं, आम्ही एवढे ओरडत होतो, ऐकू नाही आलं?"

"सगळ्यांचं आलं, आत्या. म्हणून तर घाट सापडेना."

मग ती पाटलांकडे वळली. "आज मी हो म्हणणार होते. पण ते खरं नव्हतं. मला आत्ता लग्न करायचं नाही. नाव काढून घ्यायची तर घ्या."

"माझंही तसंच आहे, मामा," हैबती म्हणाला.

आत्या मटकन पायरीवर बसली आणि रडू लागली. "माझं वय झालं. मी गेल्यावर तू एकटी पडशील, या विचाराने मला झोप लागत नाही. तुझं डोळ्यांदेखत झालं की मी सुटले."

सगुणाने तिचे डोळे पुसले. "म्हणजे घाई तुझ्या भीतीला आहे, आत्या. मला नाही."

आत्याने मान खाली घातली. पाटील पुतण्याकडे बघू लागले. पुतण्या धुक्याकडे बघत दोन पायऱ्या मागे सरकला होता. पाटलांनी घसा साफ केला आणि ते म्हणाले, "नाव हिच्याकडेच राहू द्या. पाडव्याचं मी काही बोललो नव्हतो." मग रांधलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून सगळे आत्याकडे जेवायला गेले. हैबतीने तीन पोळ्या खाल्ल्या.

पुढे सगुणाचं लग्न झालं का? झालं असेल किंवा नसेल. मला विचारू नका. ही विचारायची खोड जात नाही, म्हणून तर एवढी गोष्ट सांगावी लागली.

तात्पर्य एवढंच: माया कितीही खरी असली, तरी सगळ्यांनी मिळून घाई केली की माणूस वाट चुकतो; ज्याचं लग्न, त्याला आपलं मन ऐकू येईल इतकं तरी आपण गप्प राहावं.