पेटीतला एक केस

द्राक्षबागांच्या आमच्या तालुक्यात हवामान केंद्रावर मी एकटाच निरीक्षक होतो, आणि डोक्याने पार तुळतुळीत. एकदा पाहणीला आलेल्या वाळिंबे साहेबांनी हवेतला दमटपणा मोजायची पेटी उघडली. आत माणसाचा एक लांब केस ताणून बसवलेला होता.

"दमट हवेत केस लांबतो, साहेब, आणि काटा सरकतो," मी सांगितलं.

साहेब खो खो हसले आणि हातातल्या भंगाराच्या यादीत पेटीचं नाव लिहिलं. "केसावर सरकारी नोंदी? भंगारात काढा हे! आणि गोवर्धने, तुमच्यासारख्या टकल्याला केसाचा एवढा पुळका कशाला?"

"साहेब, माझ्या डोक्यावरचे सगळे गेले, तरी कुणाचं काही अडलं नाही. यातला एक गेला, तर दमट हवेत बागेवर बुरशीचं औषध कधी फवारायचं हे अख्ख्या तालुक्याला कळणार नाही."

साहेबांनी झाकण स्वतःच्या हाताने जपून लावलं आणि भंगाराच्या यादीतून पेटीचं नाव खोडलं.