वाडीवरची खडखडणारी गाडी

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात एक उंच डोंगर होता आणि डोंगराच्या माथ्यावर एक वाडी होती. पावसाळ्यात भरलेली टाकी वाडीला होळीपर्यंत पुरायची. होळी झाली की पायथ्याच्या नदीवरून रोज पाणी वर आणावं लागे, आणि ते आणायला एकच गाडी होती. इंजिनाची गाडी. इतक्या जुन्या काळी इंजिन कुठून आलं, असं मधेच विचारू नका. गोष्टीत कावळे बोलतात तेव्हा कुठे विचारता?

गाडी चालवणारा गाडीवान वाडीतलाच होता. त्याची म्हातारी आई, बायको, गुरं, सगळी तिथेच. माणूस कष्टाळू, पण मनाचा हळवा. कुणी चार शब्द चांगले बोललं की फुलायचा, आणि कुणी नाक मुरडलं की त्याला रात्रभर झोप यायची नाही.

पुढे वाडी वाढली आणि पाणी पुरेना. राजा दयाळू होता. त्याने गाडीला मोठी टाकी दिली आणि ती ओढता यावी म्हणून इंजिनाला टर्बो बसवून दिला. टर्बो म्हणजे एक लहानशी चक्की. ती इंजिनाच्याच धुरावर फिरते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते. त्याने जोर वाढला खरा, पण जोराबरोबर ताप आला. इंजिनाच्या पोटात वरखाली धावणारे जुने ओतीव पिस्टन तो सोसेनात. ते एकदा तडकले. नवे तसलेच घातले, तेही तडकले. त्या खेपेला गाडी घाटात अडून राहिली आणि वर एक गाभण गाय तहानेने मेली.

तेव्हा राजाचा हुकूम आला. "आणखी एकदा गाडी अडली, तर वाडी उठवून खाली आणा. आज गाय गेली, उद्या माणसं जातील."

बापजाद्यांची घरं, देवाचं देऊळ, सगळं आता गाडीवानाच्या त्या एका गाडीवर येऊन ठेपलं होतं. तो तडक घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या मिस्त्रीणबाईकडे गेला.

"शर्यतीच्या गाडीत घालतात तसलं सामान दे," तो म्हणाला. "सगळ्यात दणकट."

मिस्त्रीणबाई हसली. "आरं, शर्यतीची गाडी एक दिस पळती आन पुना खोलून बसत्यात. तुला रोज चढायचंय. शर्यतीचं घोडं कुणी पाण्याच्या पखाली वाह्याला लावतं व्हय?"

तिने ठोकून घडवलेले पिस्टन निवडले. त्यांना जोडणारे दांडेही घडीवच घेतले. एकट्या पिस्टनला बळ देऊन भागत नाही, त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो, असं ती म्हणाली. मग तिने एक पिस्टन त्याच्या नळीत सोडून दाखवला. गाडीवानाने बोटाने हलवून पाहिला, तर तो किंचित हलला.

"मावशे, ह्यो तर ढिला हाय!"

"केसभर. मुद्दाम ठिवलाय. घडीव धातू तापला की फुगतो, त्याला जागा नगं? सकाळी गार असताना खडखडंल. तापला की आपसूक गप बसंल. तवर दमानं चालव, आन खडखडीला भिऊ नगंस."

गाडी सुरू झाली. टाकी भरेपर्यंत इंजिन गार होई, मग नदीवरून निघताना ती खडखड करी, पहिल्या वळणापर्यंत कुरकुर करी, आणि मग गप्प होऊन भरल्या टाकीनिशी घाट चढे. रात्री वर मुक्कामी राहून सकाळी उतरायला निघाली की तीच खडखड वाडीला ऐकू जाई. पण पाणी रोज वर येत होतं. चैत्र असाच गेला.

आता या वाडीची एक रीत सांगायला हवी. तिथे पाणी सोन्यासारखं, म्हणून मडकं म्हणजे जीव. बाजारात मडकं घेताना वाडीच्या बायका ते बोटाने वाजवून पाहत. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर ठेवून द्यायचं. पिढ्यान् पिढ्या या कानाने त्यांना कधी फसवलं नव्हतं. त्याच कानाने वाडीने आता इंजिनही पारखलं.

"गाडी निघाली का मडक्यांची उतरंड ढासळली?" पारावर कुणीतरी म्हणे, आणि सगळे हसत.

एक दिवस आईसुद्धा म्हणाली, "लेकरा, बद्द वाजणारं मडकं म्या कदी घरात घेतलं न्हाई. आन तू समद्या गावाचा जीव असल्या खडखडीवर टांगलास?"

हे मात्र गाडीवानाला लागलं. परक्याचं हसणं त्याने गिळलं असतं, आईची भीती त्याला गिळता येईना. तो मिस्त्रीणबाईकडे गेला आणि पिस्टन घट्ट बसवून मागू लागला.

"मी न्हाई बसवायची," ती म्हणाली. "लोकांच्या कानासाठी इंजिन मारू नगंस."

मग तो पेठेतल्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेला. हा गोडबोल्या. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं आणि विचारेल तेवढंच सांगायचं, हा त्याचा नेम. त्याने केसभर जाड पिस्टन बसवून दिले. गाडीवानाने तापल्यावर काय होईल ते विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी मांजराच्या पावलांनी आली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. आईने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. गाडीवानाची छाती फुगली, आणि वैशाखाचे पहिले दिवस ढगाळ होते, इंजिन फार तापत नव्हतं, म्हणून ती फुगलेलीच राहिली.

मग आभाळ फाकलं. ऊन असं पडलं की कातळावर पाय ठरेना. वाडीची टाकी कोरडी झाली होती आणि सगळी मदार त्या दिवशीच्या खेपेवर होती. गाडीवानाने टाकी काठोकाठ भरली आणि घाटाला लागला. उभ्या चढाच्या वळणावर त्याने जोर लावला. टर्बोची चक्की शीळ घालू लागली. एकाएकी इंजिन घरघरलं, जड झालं आणि जागच्या जागी थिजलं.

त्याने चाकाखाली दगड सारले. किल्ली फिरवली, हँडल मारलं. इंजिन तसूभरही हलेना. प्यायचं पाणी बादल्यांनी त्याच्यावर ओतलं. वाफेचा लोट उठला, आणि एवढंच झालं. गाडीवान दोन्ही हातांनी बॉनेट बडवत लहान पोरासारखा रडला.

वर बायका मडकी घेऊन टाकीपाशी बसल्या होत्या. कुणी घाबरलं नव्हतं. "आता गाडी आवाज करीत न्हाई," त्या एकमेकींना सांगत होत्या. "यील इतक्यात." उन्हं कलली तेव्हा कुठे माणसं धावत खाली आली. डोक्यावरून, खांद्यावरून जेवढं नेता आलं तेवढं पाणी त्यांनी नेलं. त्या दिवशी कुणी मेलं नाही, पण राजाची माणसं सकाळी आली.

मिस्त्रीणबाईने इंजिन खोललं. पिस्टन नळीच्या भिंतीला खरडून चिकटले होते. ती त्याला एक शब्दही टाकून बोलली नाही. "फुगला," ती म्हणाली, "आन जायाला जागा नव्हती."

आठवड्यात वाडी उठली. घरांची दारं, पाटे-वरवंटे, देवळातला देव, सगळं बैलांवर लादून खाली आलं. गाडीवानाची आई सगळ्यांत शेवटी निघाली. तिने घरातलं एकेक मडकं वाजवून पाहिलं, आणि सगळी खणखणीत वाजली.

पायथ्याशी आल्यावर तिने वर वळून पाहिलं. तिथे ना कोंबडा आरवत होता, ना जातं घरघरत होतं.

"लेकरा," ती म्हणाली, "गाडी खडखडत व्हती, तवर आपलं गाव व्हतं."

तात्पर्य: जो तापून आपलं ओझं वाहतो, त्याला फुगायला जागा ठेवावी; त्याची सकाळची खडखड ज्याला सोसवत नाही, त्याच्याने दुपारचा चढ पार होत नाही.