धुरकट दुर्बीण

दगडावर आदळून भरकटलेल्या गोळीची शीळ सुभेदार रायाजी घाटगे कधी विसरले नाहीत. तरुणपणी सीमेवर त्यांच्या सोबत्याचा नेम चुकला होता, कारण बंदुकीवरची दुर्बीण आतून धुरकटली होती. शत्रूचा नेम मात्र चुकला नाही.

तसल्याच जुनाट दुर्बिणी आता त्यांच्या तुकडीतल्या पोरांच्या बंदुकांवर होत्या. चांदमारीत, नेमबाजीच्या सरावात, म्हसू नावाच्या जवानाच्या गोळ्या भलतीकडेच गेल्या, तेव्हा तपासणीला आलेले वर्तकसाहेब मैदानाकडे पाठ करून गरजले, "दुर्बिणी ठणठणीत आहेत! याचेच डोळे गेलेत. उद्यापासून याला भटारखान्यात कांदे चिरायला धाडा."

म्हसूचा चेहरा उतरला. रायाजींचं रक्त उसळलं, पण आवाज चढला नाही. त्यांनी लांब, खंदकातून निशाण वर-खाली करणाऱ्या जवानांना हाताने खूण केली. मग म्हसूच्या बंदुकीवरची दुर्बीण काढून साहेबांना दिली.

"आपणच बघा, साहेब. निशाण दिसतंय?"

साहेबांनी वळून ऐटीत डोळा लावला. "लख्ख! काळं वर्तुळ, मधोमध पांढरा ठिपका."

"आता नुसत्या डोळ्यांनी बघा."

निशाण केव्हाच खाली गेलं होतं. तिथे लाल झेंडा फडकत होता आणि झेंड्याखाली आपलेच दोन जवान उभे होते.

"दुर्बीण चांगली असेल," रायाजी सावकाश म्हणाले, "तर आपले डोळे गेलेत. मग म्हसूसोबत आपणही कांदे चिरायला बसा, साहेब."

साहेबांनी दुर्बीण म्हसूला परत दिली नाही. ती खिशात कोंबून ते जीपकडे चालू लागले.