नऊ नंबरचा सिग्नल

“मास्तर, रुबीनाच्या सगळ्या प्रोसेस मारून टाकू का?”

धैर्यशील दारातच उभा होता. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

केळशीकर मास्तर चहा गाळत होते. “कशाला?”

“यंत्र भरलंय. नवा एकही प्रोग्राम सुरू होईना. सगळी गर्दी तिनंच केलीय.”

पन्हाळ्याच्या पायथ्याला, बंद पडलेल्या गुऱ्हाळात मास्तरांची शाळा होती. आम्ही सातजण आणि एकच जुना सर्व्हर. सगळ्यांचे प्रोग्राम त्याच्यावरच चालायचे, आणि त्याच्या यादीत प्रोसेसना, म्हणजे चालू कामांना, जागा मोजक्याच. नियम एक होता. दुसऱ्याची प्रोसेस बंद करायची तर मास्तरांना विचारायचं, कारण तो अधिकार फक्त त्यांच्या खुर्चीपुढच्या मशीनला होता. त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नसे.

धैर्यशील तिथं आठ वर्षं होता, रुबीना आठ महिने. मास्तर थकले होते. खुर्ची पुढं कुणाची, हे कुणी बोलत नव्हतं आणि मनातून कुणाच्या जातही नव्हतं. त्यात मास्तर रोज संध्याकाळी रुबीनाशेजारी स्टूल ओढून बसायचे आणि विचारायचे, “कसं झालं आज?” ते ऐकलं की धैर्यशीलच्या पोटात दुखायचं. थोडं माझ्याही दुखायचं, पण मी पहिल्यापासून कच्चा, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

“तिला सांगून बघितलंस?” मास्तरांनी विचारलं.

“सांगायचं काय त्यात? नऊ नंबरचा सिग्नल पाठवायचा. बाकीचे सिग्नल प्रोसेस कानाआड करू शकते, हा नाही. आवराआवर करायलाही वेळ मिळत नाही. जागच्या जागी खल्लास.”

“फार घाई झालीय तुला.”

“झालीय. आज तिच्या प्रोसेस जातील, नाहीतर मी जाईन.”

रुबीनाचे हात कीबोर्डवर थांबले. तिनं मान वर केली नाही.

“तिला रोज विचारता,” धैर्यशीलचा आवाज चिरकला. “मला आठ वर्षांत एकदा तरी विचारलंत?”

“तुझं बरोबरच असतं. म्हणून...”

मास्तरांनी वाक्य तिथंच सोडलं. मग खुर्चीवरचा आपला पंचा उचलला.

“बस.”

धैर्यशील दचकला. इतकी वर्षं जी खुर्ची हवी होती, तिच्यावर तो चपलांसकट बसला.

त्यानं यादी उघडली. स्क्रीन वरून खालपर्यंत भरून गेला. चारशेच्या वर ओळी, आणि जवळजवळ प्रत्येकीपुढे एकच शेरा : मृत.

त्यानं पहिलीला नऊ नंबरचा सिग्नल पाठवला.

ओळ तशीच.

पुन्हा पाठवला. दुसरीला, तिसरीला पाठवला...

“मरत नाहीत, मास्तर.”

“संपलेल्याच आहेत त्या. दुसऱ्यांदा कशा मरतील?”

“मग जागा का अडवतात?”

“कुणाची लेकरं आहेत, बघ जरा.”

प्रत्येक प्रोसेसच्या ओळीत तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसचा नंबर असतो. धैर्यशीलनं तो वाचला. खालचा वाचला. त्याच्याही खालचा. सगळीकडे एकच नंबर, आणि तो त्याच्याच प्रोग्रामचा होता.

तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीचं काम त्याच्याकडे होतं. प्रत्येक विहिरीच्या नोंदीसाठी त्याचा प्रोग्राम एकेक नवी प्रोसेस जन्माला घालायचा आणि पुढं निघून जायचा.

“रुबीनाच्या तीन आहेत,” मास्तर म्हणाले. “हव्या तर त्या मार.”

धैर्यशीलचे कान लाल झाले. रुबीना उठली, तिनं त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि परत जागेवर गेली. ते त्याला फार लागलं असावं.

“माझ्या लेकरांनी काम चोख केलंय,” तो खाली बघत म्हणाला. “सगळे आकडे बरोबर आहेत.”

“मग अडलंय कुठं?”

उत्तर त्याला पाठ होतं. आम्हा सगळ्यांना ते त्यानंच शिकवलं होतं.

“‘वेट’ची, म्हणजे थांबायची, आज्ञा लिहायची राहिली... लेकराचं काम संपलं की जन्म देणाऱ्यानं एकदा विचारावं लागतं, कसं झालं म्हणून. तो विचारत नाही तोवर लेकराचं नाव यादीतून सुटत नाही. तिथंच अडकून राहतं.”

“का नाही विचारलंस?”

“बरोबरच करणार, म्हणून...”

तो मध्येच थांबला.

मास्तरही थांबले. हातातला चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चढाला लागला होता.

मग मास्तर उठले. रुबीनाशेजारचं स्टूल त्यांनी उचललं, खुर्चीपाशी आणलं आणि गुडघ्यांवर हात टेकत सावकाश बसले.

“धैर्यशील,” ते म्हणाले, “कसं झालं आज?”