एका खणाचा राजा

एका राज्यात राजवाड्याला रोज सकाळी एक नवी खोली फुटत असे, झाडाला फांदी फुटावी तशी. झालं होतं असं, की राजा अजस्रसेनाच्या दारी एक मांत्रिक आला आणि पाठ टेकायला जागा मागू लागला. शंभर खोल्यांचा धनी, पण म्हणाला, जागा नाही. मांत्रिक शांतपणे म्हणाला, "नाही ना? मग घे जागा. एका खणात नीट राहशील, तेव्हाच सुटशील."

तेव्हापासून राजवाडा वाढला तो वाढलाच. गल्ल्या गिळल्या, पाणवठा गिळला.

त्या गावात कोंडाबाई गवंडीण होती, स्वतः थापी धरणारी. तिची लेक मथी राजवाड्यात सारवायला गेली, ती परत आलीच नाही. तिच्या नि दाराच्या मधे खोल्या फुटत गेल्या. भिंतीला कान लावला की हाक यायची, "आई, मी कुठल्या खोलीत आहे गं?" आणि रोज ती हाक एक भिंत लांब जायची.

कोंडाबाई दरबारात गेली. शाप मी सोडवते, माझी लेक मला द्या, म्हणाली. राजा कबूल झाला. पण खण म्हणजे काय, हे कोणाला ठाऊक? प्रधान म्हणे, खण म्हणजे कुदळ घे आणि खण. राणी म्हणे, ओटीत घालतात तो चोळीचा खण. कोंडाबाईचं डोकं गरगरलं. गवंड्यांचा खण तिला माहीत होता, दोन तुळयांमधली जागा. पण मांत्रिकाच्या तोंडी इतका साधा शब्द कुठून असणार, असं वाटून तिनं तो मनातून काढून टाकला.

आधी तिनं खणलं. राजाला खड्ड्यात बसवलं. सकाळी खड्ड्यालाच दार फुटलं.

मग चोळीचा खण राजाच्या डोक्यावर बांधला. सकाळी खोली फुटली ती हिरव्या भिंतींची, लाल काठाची. राणीला आवडली. मथीची हाक मात्र डासाच्या गुणगुणीएवढी उरली.

कोंडाबाई ओढ्याकाठी बाभळीखाली जाऊन बसली. वर सुगरण पक्षीण घरटं विणत होती.

"सुगरणबाई, खण म्हणजे काय गं? कुदळीचा झाला, चोळीचा झाला."

"तुझा धंदा कोणता?"

"गवंडीकाम."

"मग चोळ्या कशाला विकतेस?"

कोंडाबाई उठली ती थेट थापी घेऊन. दोन तुळया टाकल्या, मधे राजाला बसवलं आणि त्याच्याच अंगानं माप घेतलं. पाठ टेकली तिथं भिंत. हात पोचला तिथं कोनाडा. गुडघा उचलला तेवढी पायरी, पायरीच्या पोटात धान्याची पेटी. बाज दिवसा भिंतीला टांगायची. दार बाहेर उघडणारं, कारण आत उघडलं असतं तर महाराजांना पाय पोटाशी घेऊन जन्म काढावा लागला असता.

राजा राहायला गेला. कोंडाबाई दाराशी बसली. सकाळ झाली आणि राजवाड्याला खोली फुटलीच. कोंडाबाईनं भिंतीला कान लावला. हाक नाही. आता चुकलं कुठं, हे तिला कळेना, राजाला कळेना.

तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला. "राजा, पाठ टेकायला जागा आहे का?"

राजानं इकडची भिंत बघितली, तिकडची बघितली. सवयीनं तोंड उघडलं, "जागा ना..."

"महाराज," कोंडाबाई म्हणाली, "सरका."

राजा गोंधळला. जन्मात त्याला कुणी हा शब्द म्हटला नव्हता. मग त्यानं अंग आवरलं, भिंतीला चिकटला. "या, बसा," म्हणाला. म्हातारा बसला, आणि तरी वीतभर जागा उरली.

त्याबरोबर लाजाळूची पानं मिटावीत तशा खोल्या मिटत गेल्या. गल्ल्या परत आल्या, पाणवठा परत आला. सात पावलांवर मथी उभी होती, हातात शेणाची पाटी तशीच.

"आई, किती वेळ लावलास," ती म्हणाली.

"अगं, शब्द साधा होता ना," कोंडाबाई म्हणाली, "म्हणून."

राजा पुढं त्याच खणात राहिला. त्याला तो पुरला, तसा तुम्हाआम्हालाही पुरो. आणि दारी कुणी आलं तर सरकायची बुद्धी होवो.