म्हशीच्या मोलाची मूठ

खूप मागे, राजे झाडाखाली बसून न्याय करत आणि जनावरं माणसाला तोंडावर बोलत, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा कॅमेरा कुठून आला, असं विचारू नका. म्हैस बोललेली चालते ना? मग कॅमेराही चालवून घ्या.

एका गावात एक छबीकार होता. त्याच्याकडे एक कॅमेरा, कमरेच्या बटव्यात दोन जास्तीच्या बॅटऱ्या आणि गोठ्यात एक म्हैस. कॅमेऱ्यातली बॅटरी संपली की बटव्यातली घालायची. सुपारी कातरायला लागतो तेवढा वेळ. कुणाचं काही अडत नव्हतं.

वर्षातून एकदा, सुगीच्या दिवशी, राजमाता गावच्या पारावर येऊन बसे. गावातला एकेक जण तिच्या शेजारी बसून छबी काढून घेई आणि ती वर्षभर दारावर टांगी. रीतच होती तशी.

सुगीला आठ दिवस उरले असताना एका व्यापाऱ्याने वेशीबाहेर पाल ठोकलं. छबीकाराच्या अंगणात येऊन त्याने मखमलीतून एक काळी मूठ काढली. कॅमेऱ्याच्या बुडाला बसवायची. तिच्या झाकणावर लाखेची सोनेरी मोहोर, मोहोरेवर सिंह.

"राजधानीतले सगळे छबीकार हीच लावतात," व्यापारी म्हणाला. "दोन बॅटऱ्यांचं बळ! आणि धरायला काय ऐट!"

"आमचा तांबटही अशीच बनवतो की," छबीकार चाचरत म्हणाला.

"बनवत असेल. तिच्यावर सिंह असतो का?"

छबीकाराने सिंहावरून बोट फिरवलं. त्याने मोल विचारलं. व्यापाऱ्याने गोठ्याकडे बोट दाखवलं.

म्हशीचं रवंथ थांबलं. "धनी, मला द्यायचं तर द्या. पण आधी त्याला झाकण उघडायला सांगा. आत काय आहे?"

"मोहोर फोडली की मूठ अस्सल राहत नाही, म्हशीबाई," व्यापारी हसला.

"म्हणजे न बघताच घ्यायची? मी वैरणीची पेंढीसुद्धा आधी हुंगते."

"तू गप गं!" छबीकार खेकसला. "तुला काय कळतंय यातलं?"

"दूध मी द्यायचं, आणि कळत नाही तेही मलाच. बरं."

तिला नेलं तेव्हा तिने दोनदा मागे वळून पाहिलं. छबीकार मुठीला हळदकुंकू वाहत होता. त्याला दिसलं नाही.

सुगीच्या दिवशी त्याने मूठ कॅमेऱ्याला लावली. बटवा खुंटीलाच राहिला. दोन बॅटऱ्यांचं बळ हातात असताना विटका बटवा कोण बांधतो!

पारावर जो तो सिंह बघून मान डोलावत होता. अर्धी रांग सरली आणि कॅमेरा डोळे मिटून बसला. छबीकाराने मूठ हलवली. सिंह दाबला. शेवटी नखाने मोहोर फोडली.

आत दोन खोबण्या होत्या. दोन्ही रिकाम्या.

रांगेतल्या तांबटाने वाकून पाहिलं. "माझ्या मुठीतही अशाच दोन असतात. बॅटऱ्या ज्याच्या त्याने घालायच्या. कुठायत तुमच्या?"

"खुंटीला."

"मग खुंटीलाच काढू द्या छब्या!" मागून कुणी तरी ओरडलं. राजमाता पालखीत बसून निघून गेली. अर्ध्या गावाची दारं त्या वर्षी बोडकी राहिली.

दुसऱ्या दिवशी छबीकार पालावर गेला. "मूठ घ्या, माझी म्हैस द्या."

"मोहोर फुटलेली? आता हिला कोण विचारतो!"

खुंट्याला बांधलेली म्हैस म्हणाली, "ऐकलंत ना, धनी? खोबण्या त्याच, खिळे तेच. गेली ती फक्त लाख. मग मला कशाच्या बदल्यात दिलंत?"

छबीकाराने मान खाली घातली. पण व्यापारीही फुरफुरत होता. "आणि ही अवदसा? आठ दिवस नुसती वैरण खातेय, पान्हा सोडत नाही. दुभती म्हणून दिलीस ना मला?"

"घेण्याआधी तुम्ही धार काढून पाहिलीत का?" छबीकाराने विचारलं. असा प्रश्न त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला विचारला होता.

व्यापाऱ्याने दावं त्याच्या अंगावर फेकलं आणि मूठ हिसकावून घेतली. म्हशीने घरी पोचताच चरवी भरली.

चार दिवसांनी छबीकार तिला पाण्यावर नेत होता. कमरेला बटवा होता. पालावर मखमल अंथरलेली, तिच्यावर तीच मूठ, आणि मुठीवर नवा सिंह. समोर शेजारच्या गावचा छबीकार हात चोळत उभा.

म्हशीने नाक वर करून हुंगलं. "लाख अजून ओली आहे," ती म्हणाली.

छबीकाराने तिचं दावं सोडलं आणि त्या माणसाकडे धावत सुटला. "अहो पाहुणे, आधी झाकण उघडायला सांगा!"

तात्पर्य: मोहोर बघून वस्तू घेऊ नये, उघडून बघावी, हाताळून बघावी, आणि तिच्यावाचून आपलं खरंच अडतंय का, हे आधी स्वतःला विचारावं.